नेहमीचे मेडिकल न सांगता बंद झाले: आधी कळवण्याचा कायदा आहे का, आणि आता काय करायचे?

प्रश्न असा आहे: इंदूरला लोकमान्य नगरात राहणाऱ्या आई-वडिलांचे नेहमीचे मेडिकल आठवड्याभरात बंद झाले. शटरवर पाटी नाही, मालकाचा फोन लागत नाही. वडिलांचे इन्सुलिन आणि थायरॉइडची गोळी, आईची झोपेची गोळी तिथूनच यायची. मागवलेल्या एका इंजेक्शनचे ३,००० रुपये आगाऊ दिले होते, तेही अडकले. अमेरिकेतली बहीण म्हणते की तिकडे आधी कळवावेच लागते. आपल्याकडे तसा कायदा आहे का?

नाही. गिऱ्हाइकाला अमुक दिवस आधी कळवल्याशिवाय मेडिकल बंद करू नये, असे बंधन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातही नाही आणि १९४५ च्या नियमांतही नाही. दुकानदाराच्या सगळ्या जबाबदाऱ्या परवान्याला बांधलेल्या आहेत आणि परवाना हा त्याच्या आणि सरकारच्या मधला मामला आहे. रुग्णाचे नाव त्या व्यवहारात येते ते पर्चीवर (डॉक्टरच्या चिठ्ठीवर), बिलावर आणि एच-१ च्या, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद लागणाऱ्या औषधांच्या रजिस्टरात. तुमच्या हाती जे लागेल ते याच कागदांतून लागेल.

बहिणीचे म्हणणे खरे आहे, पण ते तिकडच्या व्यवस्थेतून आलेले आहे. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेच्या यादीतल्या दुकानाला बाहेर पडण्याआधी साधारणपणे तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कारण तिथे दुकानदार सरकारी सेवेचा कंत्राटदार असतो. अमेरिकेत राज्याराज्यात वेगळे नियम आहेत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये किराणा आणि औषध दुकानांसाठी ४५ दिवसांच्या पूर्वसूचनेचा कायदा केला. तेव्हा तिकडे मोठ्या साखळ्या धडाधड दुकाने मिटवत होत्या: वॉलग्रीन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांत सुमारे १,२०० दुकाने बंद करणार असे जाहीर केले, आणि राइट एडची उरलीसुरली दुकाने ऑक्टोबर २०२५ पर्यंत संपली. दुकान दुसऱ्याला देताना नियंत्रित औषधांचा साठाही द्यायचा असेल, तर तिथल्या केंद्रीय अंमली पदार्थ खात्याला किमान १४ दिवस आधी कळवावे लागते, ते वेगळेच.

तिकडे ही नोटीस का लागते, हे कळले तर आपल्याकडचा फरकही कळतो. अमेरिकेत डॉक्टरची चिठ्ठी थेट दुकानाच्या संगणकात जाते आणि पुढच्या वेळांना द्यायची औषधेही तिथेच नोंदलेली असतात. दुकान मिटले की रुग्णाची फाइलच अडकते, म्हणून ती कुठे पाठवली हे त्याला सांगणे भाग असते. आपल्याकडे पर्ची रुग्णाच्या पिशवीतच असते. ती हातात असेल तर शहरातले कुठलेही मेडिकल तुम्हाला औषध देऊ शकते. आपली खरी अडचण अशी की वर्षानुवर्षे नेहमीच्या दुकानातून पर्चीशिवाय, ओळखीवर औषध येत असते. दुकान गेले की ती ओळख जाते आणि कागद तर कधी जपलेलेच नसतात.

कामगार कायद्यातली ६० दिवसांची बंदची नोटीस काही जण पुढे करतात. ती ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणाला लागत नाही, त्यामुळे गल्लीतल्या मेडिकलच्या बाबतीत तो विषय सोडून द्या.

मग आपला दुकानदार कोणाला काय कळवायला बांधील आहे? जबाबदार फार्मासिस्ट बदलला तर एका महिन्याच्या आत परवाना अधिकाऱ्याला. मालकीची रचना बदलली, म्हणजे भागीदार आला-गेला किंवा मालक वारला, तर तेही लेखी. त्या दिवसापासून जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा घ्यावा लागतो. परवाना जागेचा असतो, त्यामुळे समोरच्या गाळ्यात जायचे असले तरी नवा परवाना लागतो आणि किरकोळ विक्रीच्या त्या गाळ्याचे क्षेत्र किमान १० चौरस मीटर असावे लागते. दुकाने ‘अचानक’ बंद होण्याची बरीचशी कारणे या तीन नियमांतच दडलेली असतात. फार्मासिस्ट सोडून गेला आणि दुसरा मिळाला नाही, तर पर्चीवरची औषधे विकताच येत नाहीत, कारण ती नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायची असतात. मालक गेला आणि मुलांनी तीन महिन्यांत काही केले नाही, तर दुकान कायद्याने संपते. घरमालकाने गाळा खाली करायला लावला, तर नवा परवाना येईपर्यंत शटर खालीच. चौथी शक्यता औषध खात्याने परवाना निलंबित केल्याची. तसे असेल तर दुकान ठरलेल्या दिवसांनी पुन्हा उघडेलही. शेजारच्या दुकानात विचारले की यातले काय झाले ते बहुतेक वेळा कळते.

मात्र ज्याला महिनाभर आधीपासून माहीत असते तोही गप्प का बसतो? यामागे दवा बाजाराचे गणित असते. इंदूरचे किरकोळ मेडिकल एम. वाय. रुग्णालयाजवळच्या दवा बाजारातल्या स्टॉकिस्टांच्या, म्हणजे ठोक विक्रेत्यांच्या उधारीवर चालते. अमका दुकान बंद करतोय एवढी कुणकुण लागली की उधारी त्याच दिवशी बंद होते, जुने बिल आधी मागितले जाते, आणि एक्स्पायरीचा माल परत घ्यायला टाळाटाळ सुरू होते. दुसरीकडे ज्या गिऱ्हाइकांच्या चोपडीत उधारी असते ती फिरकेनाशी होतात. पाटी लावली की दोन्हीकडून पैसा अडकतो, म्हणून दुकानदार स्टॉकिस्टांचा हिशेब मिटेपर्यंत तोंड उघडत नाही. उद्या इथे ४५ दिवसांचा नियम आला तरी, परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट (त्याची किंमत हिशेबातून वजा केल्याचा कागद) अमुक दिवसांत मिळेल अशी तजवीज त्यात नसेल, तर पाटी शेवटच्या दिवशीच लागेल. माझ्या मते ३० दिवस पुरेसे आहेत. दारावर पाटी आणि परवाना पोर्टलवर नोंद, दोन्ही हवे. मृत्यू आणि निलंबन वगळावे. पण स्टॉकिस्टकडची अडचण सोडवल्याशिवाय केलेला असा नियम कागदावरच राहील.

पाटी नसली तरी खुणा दिसतात. रॅक विरळ होतात. पूर्वी हातोहात मिळणारी गोळी ‘उद्या येईल’ होते. पूर्ण स्ट्रिपऐवजी चार-सहा गोळ्यांचे तुकडे हातात पडतात. इन्सुलिन आणि लशी ठेवणे आधी बंद होते, कारण फ्रिजचा माल महाग असतो आणि परत जाणे कठीण. अशा वेळी ‘क्लोजिंग’च्या सवलतीला भुलून सहा महिन्यांची औषधे भरू नका. स्टॉकिस्टने परत न घेतलेला, एक्स्पायरी जवळ आलेला माल त्यातच निघतो. प्रत्येक स्ट्रिपवरची तारीख आणि बॅच बघून दोन महिन्यांपुरते घ्या, पक्के बिल घ्या. फ्रिजमधले काहीही अशा सेलमध्ये घेऊ नका. मधल्या काळात फ्रिज किती दिवस बंद होता हे बाटलीकडे बघून समजत नाही.

आता तुमच्या घरातल्या तीन औषधांबद्दल, कारण तिन्हींची तऱ्हा वेगळी.

झोपेची गोळी अल्प्राझोलम किंवा झोल्पिडेम असेल तर ती एच-१ यादीतली आहे. १ मार्च २०१४ पासून या यादीतल्या औषधाची प्रत्येक विक्री वेगळ्या रजिस्टरात लिहावी लागते: डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध, संख्या. रजिस्टर तीन वर्षे जपायचे. नवा दुकानदार पर्चीशिवाय ही गोळी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याच्याशी वाद घालू नका. ताजी पर्चीच लागेल. तुम्ही बाहेरगावी असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अंमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारी, एनडीपीएस कायद्यातली औषधे फोन-व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत. अल्प्राझोलम त्यात येते. म्हणजे आईंना डॉक्टरकडे प्रत्यक्ष न्यावेच लागेल. गोळी मिळाली नाही म्हणून एकदम थांबवणेही धोक्याचे, विशेषतः रोज आणि बरीच वर्षे चालू असेल तर. म्हणून हे काम यादीत पहिले ठेवा.

इन्सुलिनच्या बाबतीत नव्या दुकानात आधी फ्रिज बघा. त्यात थर्मामीटर आहे का, माल दारात ठेवलाय की आतल्या फळीवर, रात्री शटर पडल्यावर वीज चालू राहते का, हे सरळ विचारा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवे. गोठलेले फेकून द्यावे, परत वितळले तरी वापरू नये. वापरात असलेले पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारांत २८ दिवस बाहेर चालते, पण इंदूरच्या मे महिन्यात खोलीचे तापमानच जास्त असते, तेव्हा पत्रकात दिलेली कमाल मर्यादा वाचा. साध्या, पाण्यासारख्या इन्सुलिनमध्ये ढगाळपणा किंवा कण दिसले तर ते घेऊ नका. दुधाळ प्रकारचे हलवून एकसारखे झाले पाहिजे, तळाशी गाठी राहता कामा नयेत. दुकान घरापासून लांब असेल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवा, पण ती बाटलीला चिकटू देऊ नका.

थायरॉइडची गोळी कुठेही मिळेल, तरी ब्रँड शक्यतो तोच ठेवा. बदलावाच लागला तर डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्या. फिट येऊ नये म्हणून किंवा रक्त पातळ राहावे म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनाही हीच सावधगिरी. बीपी आणि मधुमेहाच्या साध्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र उत्तम पर्याय आहे. मात्र तिथे ब्रँडचे नाव चालत नाही. मूळ औषधाचे नाव, मिलिग्रॅम, आणि गोळी हळूहळू विरघळणारी म्हणजे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ आहे का, हे तिन्ही पर्चीवर असले पाहिजे. तिसरे राहिले की गोंधळ होतो.

डॉक्टरांकडून पर्ची घेताना त्यावर ‘दर ३० दिवसांनी, तीन वेळा द्यावे’ असे स्पष्ट लिहून घ्या. नियमाप्रमाणे डॉक्टरने तसे लिहिले नसेल तर एका पर्चीवर एकदाच औषध देता येते. दुकानदाराने दर वेळी पर्चीवर आपले नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असते. हे घडताना क्वचित दिसते, पण आग्रह धरलात तर पुढच्या दुकानात हिशेब स्वच्छ राहतो.

पर्च्या हरवल्या असतील तर जुन्या दुकानाच्या नोंदी मागता येतात. फार्मसी प्रॅक्टिस नियमन, २०१५ नुसार फार्मासिस्टने पर्चीच्या नोंदी ५ वर्षे ठेवायच्या आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या आहेत. गल्लीतल्या दुकानात तसे रजिस्टर सहसा नसते, पण बिलिंग सॉफ्टवेअर असते. मालक सापडला तर मोबाइल नंबरवरून वर्षभराची बिले काढून मागा. पाच मिनिटांचे काम आहे आणि कुठली गोळी किती वेळा घेतली ते त्यात दिसते. तोही मार्ग नसेल तर घरातल्या रिकाम्या स्ट्रिप्स जपा, मागच्या बाजूचे छापील नाव डॉक्टरला पुरते.

औषध कुठेच मिळत नसेल तर लोक दवा बाजार गाठतात. तिथल्या ज्या दुकानाकडे फक्त ठोक परवाना आहे, म्हणजे फॉर्म २०बी आणि २१बी, ते रुग्णाला एक स्ट्रिपही विकू शकत नाही. किरकोळ परवाना, म्हणजे फॉर्म २० आणि २१, भिंतीवर लावलेला असेल तिथेच मागा. एरवी तुमच्या नव्या मेडिकललाच मागवायला सांगणे सोपे.

साठ्याचा हिशेबही सांगतो. १५ गोळ्यांची स्ट्रिप, दिवसाला दोन, म्हणजे साडेसात दिवस. घरात कधीही किमान १५ दिवसांचे राहील अशा बेताने, म्हणजे दोन अखंड स्ट्रिप्स उरल्या की पुढचे मागवा. नेहमीचे दुकान मिटले तरी डॉक्टर आणि नवे मेडिकल शोधायला तेवढे दिवस पुरतात.

हे वाचणारा कोणी स्वतः मेडिकल काढून टाकायच्या विचारात असेल, तर त्याच्यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात महाग चूक म्हणजे परवाना आधी परत देणे आणि माल नंतर विकणे. परवाना नसताना विक्रीसाठी औषधे बाळगणे हा औषध कायद्याच्या कलम १८(सी) चा भंग आहे आणि शिक्षा तीन ते पाच वर्षांची कैद, शिवाय किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जास्त असेल तेवढा दंड. परवाना परत करण्याच्या तारखेला साठा शून्य पाहिजे. त्यासाठी दोन महिने आधी खरेदी रोजच्या गरजेपुरती करा, आणि बॅच-एक्स्पायरीनुसार यादी करून स्टॉकिस्टला माल परत करा, क्रेडिट नोट हातात घेऊनच. कापलेल्या स्ट्रिप्स कोणी परत घेत नाही, त्या आधी खपवा. उरलेला माल शेजारच्या मेडिकलला एकगठ्ठा देऊन टाकण्याची पद्धत सर्रास आहे, पण पुन्हा विकण्यासाठी दिलेला माल ही ठोक विक्री ठरते आणि किरकोळ परवान्यात ती बसत नाही. दुकान चालू अवस्थेत दुसऱ्याला देत असाल, तर यादी जोडून परवाना अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्या. एक्स्पायरीचा माल वेगळ्या खोक्यात, वर ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहून ठेवा.

शेवटच्या दिवशी एच-१ रजिस्टरातल्या अखेरच्या नोंदीखाली रेघ मारून तारीख-सही करा, शेवटचा बिल क्रमांक टिपून ठेवा, आणि मूळ परवान्यांसह परत करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या. ‘राहू दे, आपोआप संपेल’ असे म्हणून सोडलेत तर कागदावर दुकान चालूच राहते. २०१७ पासून परवान्याला ठरावीक मुदत नाही, दर पाच वर्षांनी धारणा शुल्क, म्हणजे परवाना चालू ठेवण्याचे शुल्क, भरायचे असते. न भरल्यास महिन्याला २ टक्के विलंब शुल्क आणि सहा महिन्यांनंतर परवाना रद्द समजला जातो. तोपर्यंत तुमचा फार्मासिस्ट दुसरीकडे नाव लावायला गेला की अडतो, त्याच गाळ्यात नवे मेडिकल काढणाराही अडतो.

जीएसटी रद्द करण्याचा अर्ज आरईजी-१६ तीस दिवसांत करायचा. रद्द होईल त्या दिवशी साठा शिल्लक असेल तर त्यावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) किंवा विक्रीवर बसणारा कर, यांपैकी जास्त ती रक्कम भरावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांचा दर १२ वरून ५ टक्के झाला. त्याआधी १२ टक्क्यांनी घेतलेला दोन लाखांचा माल पडून असेल तर एकट्या क्रेडिटचे २४,००० होतात. साठा शून्य ठेवण्याचे हेही कारण. शेवटचे विवरण जीएसटीआर-१० तीन महिन्यांत. रजिस्टरे शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षे, एच-१ चे तीन, जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे. गिऱ्हाइकांचे नंबर दुसऱ्या दुकानाला देण्याआधी त्यांना विचारा.

पाटीवर चार गोष्टी पुरतात: दुकान कोणत्या तारखेपासून बंद, जुनी बिले कोणत्या नंबरवर मिळतील, आगाऊ पैसे कधी परत मिळतील, आणि फ्रिजची औषधे ठेवणारे जवळचे दुकान कोणते.

तुमचे ३,००० रुपये. औषध कायद्यात याला उत्तर नाही, ग्राहक कायद्यात आहे. पैसे घेऊन माल न देणे ही सेवेतली उणीव आहे. आधी पावती, यूपीआयची नोंद किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप गोळा करा. मालकाच्या बिलावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने १५ दिवसांची मुदत देणारे पत्र पाठवा. पाकीट परत आले तरी न फोडता जपा, तो पुरावा आहे. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तेवढ्याने जमले नाही तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. ज्या गोष्टीत खात्याचा संबंध आहे, उदाहरणार्थ बंद दुकानाच्या मागच्या दाराने औषधे विकली जात असतील, तर औषध निरीक्षकाकडे लेखी द्या, किंवा १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, नाहीतर मंगळवारी कलेक्टर कार्यालयाच्या जनसुनवाईत. पैसे परत मिळवून देण्यासाठी मात्र या तिन्ही ठिकाणी जाऊ नका, ते तुम्हाला ग्राहक आयोगाकडेच पाठवतील.